कासवाला मागायला शिकवताना

ब्रिस्बेन
१६ जानेवारी

लाडक्या मामा,

जिवंत आहेस ना? गेले कित्येक शनिवार मी फोन उशाशी घेऊन बसते आणि तुझा काही पत्ता नाही. मामीची बहीण सुवाहून म्हणाली, "एरोनीने फोन समुद्रात पाडला, आणि आता तो टेकडीवरही चढत नाही." फोन पाडलास ते समजू शकते, तू आहेसच वेंधळा. पण टेकडी? मला खांद्यावर घेऊन चढायचास तू ती, वर गाणी म्हणत! म्हातारा झालास, कबूल कर. गावात दुसरीकडे कुठे रेंज नाही, तेव्हा आता टपालाने का होईना, मी तुला पिडणारच.

बातमी अशी की मला नोकरी लागली. इथल्या एका मोठ्या इस्पितळात एक यंत्र फिरतं. कमरेएवढं उंच, आत औषधांचे कप्पे, खाली चाकं. एका इमारतीतून दुसरीत औषधं आणि रक्ताच्या नळ्या पोचवतं. नर्सेस त्याला कासव म्हणतात. वाट त्याला पाठ आहे, माणूस दिसला की बाजूला होतं, सगळी अक्कल आहे, फक्त हात नाहीत. लिफ्ट आली की बटण दाबता येत नाही, दार आलं की ढकलता येत नाही. मग ते आजूबाजूच्या माणसांना म्हणतं, जरा मदत करा. त्याने काय म्हणायचं, कोणाला, कधी, हे ठरवणं माझं काम. हसू नकोस. एवढी शिकले ती याच्यासाठी.

पण मामा, कोणी ढुंकून बघत नाही रे! लिफ्टपाशी दहा माणसं उभी असतात, कासव ओरडतं, "कृपया बटण दाबा," आणि दहाही जण एकमेकांकडे बघतात. आवाज वाढवून पाहिला तर लोक चिडले. एकाने रिकामा कप त्याच्या डोक्यावर ठेवला आणि चालू लागला. त्या दिवशी आत एका बाळाचं रक्त होतं. उशीर झाला, रक्त वाया गेलं, बाळाला पुन्हा टोचावं लागलं. मी पडद्यावर सगळं बघत होते आणि काही करू शकत नव्हते.

तेव्हा तू आठवलास. अख्खा गाव तुझ्याकडे मागायला येतो आणि घेऊन जातो. कसे मागतात रे ते? मला ती रीत कधी शिकावीच लागली नाही. आईच्या भावाकडे भाचीने बोट दाखवायचं की वस्तू तिची, एवढंच मला ठाऊक. तुझं घड्याळ, तुझी गिटार, तुझा लग्नातला सदरा, सगळं असंच उचललं मी. मामी अजून त्या सदऱ्यावरून टोमणे मारते ना?

लवकर लिही. कासव लिफ्टसमोर उभं आहे.

तुझी,
उनाइसी


वाइनिलोलो, कांदावू बेट
९ फेब्रुवारी

उना, पोरी,

जिवंत आहे. तुझं पत्र बोटीवरून उतरलं तेव्हा अर्ध्या गावाने पाकीट दाबून पाहिलं, आत खाऊ आहे का म्हणून. मामी सदऱ्यावरून टोमणे मारते का विचारतेस? काल मारला शेवटचा. आज अजून सकाळ आहे.

टेकडीचं विचारलंस म्हणून सांगतो. नाताळाच्या आधी जाळं लावताना पोवळ्यावर पाय पडला, तळवा कापला. मासा मिळाला बोटभर आणि जखम मिळाली हातभर. ती काही केल्या भरत नाही. नर्सबाई सालोते रोज पट्टी बदलते आणि रोज तेच प्रवचन देते. "एरोनीभाऊ, तुम्हाला साखर आहे. साखरेच्या माणसाने पायाशी खेळू नये. लेमेकीने असंच अंगावर काढलं, शेवटी गुडघ्यापासून पाय कापला." पट्टी बांधता बांधता असं बोलायचं म्हणजे काय बाई आहे! तिने सुवाच्या इस्पितळात माझ्यासाठी मार्चअखेरची तारीख घेतली आहे. तेव्हाच्या बोटीने जायचं, ते आतून साफ करतील, झालं. मामीने माझं गाठोडंसुद्धा बांधून ठेवलंय. माझ्या जाण्याची इतकी घाई तिला कधी नव्हती.

आता तुझं कासव. अगदीच बिनवळणाचं दिसतंय गं. उभ्याने ओरडून सगळ्यांना सांगतं? दहा जणांना एकदम सांगितलं तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा करेल.

गेल्या आठवड्यात आपला कितिओने माझी होडी मागायला आला. कसा आला ऐक. आला तो दाराशी खाली बसला. यांगोनाची मुळी पुढे ठेवली. मग मामीची कंबर कशी आहे, चर्चमधले गाणारे कसे बेसूर झालेत, रग्बीत आपली पोरं कशी हरली, सगळं झालं. मला तो दिसल्यापासून माहीत की हा होडीसाठी आलाय. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत. तरी आम्ही दुपारभर यांगोना कुटून पेले रिकामे करत बसलो. मग हळूच म्हणाला, "केरेकेरे, एरोनी, तुझी होडी." दिली.

तुझे तिकडचे मित्र म्हणतील, केरेकेरे म्हणजे 'कृपया'. त्यांना सांग, नुसतं तेवढं नाही. केरेकेरे म्हणणारा माणूस स्वतःला तुमच्या हवाली करतो. नाही म्हटलं तर तो चारचौघांत उघडा पडतो. म्हणून आपण नाही म्हणत नाही. मला त्या दिवशी होडी हवी होती, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा कासवाला शिकव. एकालाच विचार. ज्याचे हात रिकामे आहेत त्याला विचार. आधी त्याच्या घरच्यांची चौकशी कर. कशासाठी हवंय ते सांग. आणि काम झालं की तोंड फिरवून पळू नको.

जेवतेस ना नीट? तिकडचं अळकुडं म्हणे दुकानात बर्फासारखं गोठलेलं मिळतं. कसं खाता?

मामा


ब्रिस्बेन
३ मार्च

माझ्या शहाण्या मामा,

जमलं! अरे, जमलं!

आता कासव लिफ्टपाशी येतं, वेग कमी करतं, गर्दीतल्या एकाकडेच वळतं, आणि हळू आवाजात म्हणतं, "नमस्कार. घरचे बरे आहेत ना? माझ्याकडे एका आजारी माणसाचं औषध आहे आणि मला हात नाहीत. तिसऱ्या मजल्याचं बटण दाबाल का? केरेकेरे." तो शेवटचा शब्द मी मुद्दाम ठेवला. लोक विचारतात, म्हणजे काय? आणि विचारता विचारता बटण दाबतात. काही जण त्याला थोपटतातसुद्धा. ग्लेनिस नावाच्या एक आजी इथे पेशंटना चहा वाटायला येतात, त्या तर कासव दिसलं की चहाची गाडी सोडून धावतात. आठवडाभरात एकही नळी वाया गेली नाही.

माझा साहेब, ग्रॅहम, खुळावलाय अगदी. त्याला तुमचं बसणं, बोलणं, मागणं सगळं कॅमेऱ्यात हवंय. आम्ही दोघं ईस्टरला गावात येतोय! तू आणि कितिओने बसा, मागा, भांडा, काय हवं ते करा. भट्टी लावू, मामीला सांग डुक्कर राखून ठेव.

तेव्हा आता सुवाला भटकायला जाऊ नकोस. तू एकदा तिकडे गेलास की भाऊबंदांच्या घरी महिना महिना अडकतोस, मला काय माहीत नाही? पायाला तोवर मामीचा पाला बांध. पोवळं आपल्याला काय नवीन आहे का! मी येईन तेव्हा तू किनाऱ्यावर हवास. भाची मागतेय. केरेकेरे, मामा.

खूप घाईत,
उना


वाइनिलोलो
२२ मार्च

उना,

तू मागितलंस, संपला विषय. बोट आज सकाळी आली आणि माझ्याशिवाय गेली.

सालोतेबाई किनाऱ्यापर्यंत मागे आली होती. तिला सांगितलं, भाची येतेय, तिने थांबायला सांगितलंय. ती म्हणाली, "तुमच्या भाचीला पाय दिसतोय का तिकडून?" मी म्हटलं, बाई, माझ्या बहिणीची मुलगी आहे ती. बहीण मेली तेव्हा तिची मागणी मोडणार नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, आजवर मोडली नाही, आता ह्या वयात काय मोडू? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पट्टी बदलते, पण मुक्याने.

पुढची तारीख आता ईस्टरनंतर बघू. पाय आहे तसाच आहे. थोडा काळा पडलाय, पण मी मूळचाच काळा, कोणाला कळणार!

डुक्कर राखून ठेवलंय. कितिओने तालीम करतोय, रोज येऊन काही ना काही मागून जातो. काल माझी कुऱ्हाड नेली.

त्या ग्लेनिसबाईंचं वाचलं. त्यांना रोज धावायला आवडतं का, हे त्यांना कोणी विचारलंय का? जी माणसं नाही म्हणत नाहीत, त्यांच्याकडे जग सारखं जातं गं. तुझ्या यंत्राला तेवढं कळू दे.

मी किनाऱ्यावर असेन.

मामा


ब्रिस्बेन
१८ एप्रिल

मामा,

रागावलास? रागाव. येणार होते, सामानही भरलं होतं, आणि इस्पितळाने चाचणी वाढवली. आता ग्रॅहमला सोडून निघता येत नाही. जूनमध्ये नक्की. तोवर थांब हं माझ्यासाठी, कुठे जाऊ नकोस.

का वाढवली ते सांगते, कोणाला तरी सांगायलाच हवंय.

परवा मी पडद्यासमोर होते. लिफ्टपाशी एकच माणूस उभा, मध्यम वयाचा, हात रिकामे. कासवाला असाच माणूस हवा असतो. ते त्याच्याकडे वळलं आणि म्हणालं, "नमस्कार. घरचे बरे आहेत ना?" मामा, तो माणूस मटकन खाली बसला. त्याची बायको दहा मिनिटांपूर्वी वरच्या मजल्यावर वारली होती. तो कासवाच्या कडेला धरून रडायला लागला, "नाहीत रे, बरे नाहीत." आणि कासव म्हणालं, "माझ्याकडे एका आजारी माणसाचं औषध आहे आणि मला हात नाहीत." मी इकडून ओरडतेय, गप्प बस, गप्प बस! पण त्याला थांबवायची सोय आम्ही केलेलीच नव्हती. त्याने पूर्ण वाक्य म्हटलं. केरेकेरेपर्यंत.

आणि त्या माणसाने उठून बटण दाबलं. डोळे पुसत दाबलं. कासव म्हणालं, "आभारी आहे, तुमचा दिवस चांगला जावो."

मी धावत खाली गेले तोवर तो निघून गेला होता.

आणि तुझं ग्लेनिस आजींचं म्हणणं खरं निघालं. कोण मदत करतं ते कासव लक्षात ठेवतं आणि त्याच माणसाला गाठतं. त्या आता चाकांचा आवाज आला की चादरींच्या खोलीत लपतात. मी विचारलं तर कसनुसं हसून म्हणाल्या, "नाही म्हणायला जीभ वळत नाही गं, म्हणून लपते." मी नियम घातलाय, एका माणसाला दिवसातून एकदाच विचारायचं. तुझ्यामुळे सुचलं. तू इथे असतास तर तुला पगार द्यावा लागला असता!

तुझा काळ्या पायाचा विनोद मी ऑफिसात सांगितला. सगळे हसून हसून बेजार. 

जूनमध्ये भेटू. मामीला मुका.

उना


वाइनिलोलो
६ मे

उनाइसी,

मी लिहितेय म्हणजे काय ते ओळख. तुझ्या मामाला माहीत नाही. तो झोपलाय, किंवा ग्लानीत आहे, मला आता फरक कळत नाही.

ईस्टरला तो दर बोटीला चटई घेऊन किनाऱ्यावर बसला. चालत नव्हे, कितिओने आणि त्याच्या भावाने उचलून नेलं. प्रत्येक बोट रिकामी. परत आणताना तो त्यांना विनोद सांगायचा. पायाची तीन बोटं काळी आहेत. वास असा येतो की मी दारात लिंबाची पानं जाळते. ताप उतरत नाही. सालोते म्हणते, लगेच सुवाला न्या, नाहीतर पाय काय, माणूसच जाईल.

आणि हा माणूस बोटीत चढत नाही. "भाचीने थांबायला सांगितलंय." तुझं पुढचं पत्र आलं, त्यात तू पुन्हा थांब म्हणालीस, ते त्याने मला वाचून दाखवलं, जणू सरकारी हुकूम! मी पास्टरना बोलावलं. ते म्हणाले, एरोनी, रीत अशी नाही, कोणती भाची मामाचा पाय मागेल? त्याने भिंतीकडे तोंड केलं. रीत आंधळी नाहीच गं, हा माणूस आंधळा आहे. पण त्याला आंधळा कोणी केला? पाळण्यात होतीस तेव्हापासून जे मागितलंस ते त्याने दिलं, आणि तू कधी मागे वळून बघितलं नाहीस की त्याच्याकडे काय उरलंय.

ते तुझं मागणं परत घे. मला दुसरं काही नको. तुझ्या तोंडचा शब्द आला तरच तो उठेल. नर्सच्या खोलीतला रेडिओ गेल्या वादळापासून बंद आहे, आणि टेकडीवरची रेंजही त्यातच गेली. हे पत्र कधी पोचेल देव जाणे.

मामी


सुवा बंदर
२५ मे

मामा,

मी परत घेते. ऐकतोयस ना? थांब म्हणाले होते, ते परत घेते. बोटीत बस. पहिली जी मिळेल तिच्यात बस. भाची मागतेय, जा.

मामीचं पत्र मला इस्पितळातच मिळालं. वाचून खिशात टाकलं आणि लिफ्टपाशी उभी राहिले, हात तेवढे रिकामे होते, म्हणून कासव माझ्याकडे वळलं. घरच्यांची चौकशी केली त्याने. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. मी बटण दाबलं आणि सरळ विमानतळावर गेले.

आणि आता इथे अडकलेय. समुद्र खवळलाय, कांदावूची बोट धक्क्याला बांधून ठेवलीय. पोलिसांकडे गेले, नौदलाच्या कचेरीत गेले. "लाटा उतरल्या की बघू, ताई." धक्क्यावर एकेका माणसापुढे जाऊन बसले. खरोखर खाली बसले, मामा, यांगोना पुढे ठेवून, तू लिहिलंस तसं. सगळे ऐकून घेतात. एक म्हातारा नावाडी तर रडला माझ्याबरोबर. कोणी नाही म्हणत नाही, पण ह्या समुद्रात होडी घालायची कोणाची ताकद नाही. मला इतकं छान मागता येतं आता, आणि द्यायला कोणापाशी काही नाही.

हे पत्र एका मासेमारी बोटीच्या तांडेलाकडे देतेय. तो म्हणाला, वारा पडला तर तो सगळ्यांच्या आधी निघेल, पण माणूस घेणार नाही. ज्याच्या हाती हे पडेल त्याने माझ्या मामाला मोठ्याने वाचून दाखवावं. तो हट्टी आहे, दोनदा वाचावं.

जा ना रे मामा. 

उना


ब्रिस्बेन
२ जुलै

मामा,

तुला घरी सोडलं म्हणे. मामीच्या बहिणीने कळवलं.

सुवाच्या इस्पितळात तुझ्या खाटेशी मी दोन आठवडे होते. तू नर्सशी बोललास, शेजारच्या पेशंटशी बोललास, झाडूवाल्याला विनोद सांगितलास. माझ्याशी पाणी हवं, नको, एवढंच. मला वाटलं औषधांमुळे असेल. मग रजा संपली आणि मी निघाले तेव्हा तू भिंतीकडे वळलास, आणि मला कळलं.

तुला आणायला गेलेली नौदलाची बोट दोन दिवस आधी पोचली असती तर पाय घोट्यापासून कापून भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मार्चमध्ये आला असतास तर नुसती जखम साफ केली असती. मी त्यांना विचारायलाच नको होतं. विचारलं, आणि आता ते डोक्यातून जात नाही.

कासव बरं चाललंय. आता ते आधी माणसाचा चेहरा बघतं, डोळे सुजलेले असले की दुसऱ्याकडे जातं. ग्रॅहम म्हणतो, मोठं काम केलंस. मला ते ऐकवत नाही.

मी ऑगस्टमध्ये येतेय. नुसती नाही, रीतीने येतेय. आईला लग्नात मिळालेला ताबुआ माझ्याकडे आहे. तो व्हेलचा दात घेऊन मी तुझ्या दाराशी बसेन, पास्टर असतील, गाव असेल, आणि तुझ्यापुढे ठेवून माफी मागेन. माझ्याकडे दुसरं काय आहे? तो हातात घे, मामा. मग तरी माझ्याशी बोलशील ना?

उना


वाइनिलोलो
२४ जुलै

उनाइसी,

हे पत्र मी स्वतः लिहितोय, मामीला सांगून नव्हे. हात शाबूत आहेत अजून.

मांडीपासून पाय नाही. काठ्या दोन दिल्यात, त्या घेऊन दारापर्यंत जातो आणि परत येतो. लोक चांगले आहेत. रविवारी उचलून चर्चमध्ये नेतात, पहिल्या बाकावर ठेवतात, मूर्तीसारखा. घरी पाणी हवं असेल तर मागावं लागतं. काठी घसरली की मागावी लागते. परसाकडे जायला माणूस मागावा लागतो. मला नाही गं जमत. जन्मभर देत आलो, मागायचं वळणच नाही ह्या तोंडाला. तहान लागली की मामीच्या लक्षात येईपर्यंत गप्प बसतो. तुझं यंत्र माझ्यापेक्षा बरं मागतं.

सगळे मला समजावतात. पोर लांब होती, तिला काय कल्पना. चूक कोणाचीच नाही. मी मान हलवतो. लोकांपुढे तेच बोलतो. पण पाय नाही तिथे खाज सुटते, नसलेल्या बोटांना, आणि खाजवायला हात गेला की चटई लागते. तेव्हा मला तुझा राग येतो. देवाचा नाही येत, सालोतेचा नाही येत, तुझा येतो. मी लिहिलं होतं तुला. तारीख लिहिली होती, लेमेकीचं लिहिलं होतं. तू वाचलंस आणि हसलीस, आणि चार लोकांना हसवलंस. मग माझाही राग येतो, कारण हसण्यासारखं लिहिणारा मीच. पण तुझा आधी येतो.

मी ज्या मुलीला खांद्यावर बसवलं तिच्याबद्दल असं लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. लिहिताना रडू येतंय. तरी लिहितो.

तू ताबुआ आणणार म्हणतेस. तू दाराशी बसलीस, दात पुढे ठेवलास, की मला तो दोन्ही हातांनी घ्यावाच लागेल. न घेणारा माणूस ह्या बेटावर जन्मलेला नाही. आणि घेतला की राग तिथेच संपला, पुन्हा तोंडातून काढायचा नाही, मनातही ठेवायचा नाही. गाव टाळ्या वाजवेल, यांगोना फिरेल, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवीन. हे सगळं मी करीन, मला माहीत आहे. तू मागितलंस की मी देतो. घड्याळ दिलं, सदरा दिला, पाय दिला. आता तू राग मागतेस.

तो नको मागूस, उना. एवढा एकच माझ्याकडे माझा उरलाय.

दात आणू नकोस. तशीच ये, यायचं तर. जेव, झोप, मामीच्या शिव्या खा, समोर येऊन बस. मी बोलेन असं नाही. एखाद्या दिवशी उठेन आणि राग नसेलही, मग मी आपण होऊन कळवीन. नसेल गेला तर तू विचारू नकोस.

पत्रं पाठवत राहा. मी वाचतो. उत्तर येईलच असं नाही.

मामा